सोलो मिळत नाही, मग समूहगान सोडू का?

जून उजाडला की पालक काय विचारणार ते मला आधीच ठाऊक असतं. आठवीपासून फाउंडेशनचा क्लास लावावा का, दहावीनंतर कुठली शाखा, राज्य मंडळ की सीबीएसई. हे सगळं झालं की उठता उठता, जरा संकोचत, गाण्याचा प्रश्न निघतो. "मुलगी पाचवीपासून शाळेच्या समूहगानात आहे. आवाज गोड आहे, सगळेच म्हणतात. पण बाई सोलो देत नाहीत, दुसऱ्या रांगेत उभी करतात. आता नववी आली, काढून घेऊ का?" दुसरे पालक विचारतात, टीव्हीवरच्या स्पर्धेची ऑडिशन आहे, त्यासाठी शाळेच्या तालमी बुडवल्या तर चालेल ना? तिसऱ्यांना हवे असतात गुण. समूहगानाचे दहावीला किती मिळतात?

तिघांना एकदमच सांगते. काढू नका. तालीम बुडवू नका. आणि समूहगानात उभं राहिलं म्हणून दहावीला गुण मिळत नाहीत. राज्य मंडळाचे वाढीव कलागुण असतात ते चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षांना, लोककलांना. त्यांचे नियम बदलत असतात, म्हणून शाळेच्या कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. गुणांचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

गाण्यातलं करिअर म्हणाल तर रूढ वाटा सर्वांना माहीत आहेत, झरझर सांगून टाकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत जातात. बारावीनंतर मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, गोव्यात कला अकादमी आहे. ध्वनिमुद्रणाची आवड असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे. शाळेत संगीत शिक्षक होता येतं. पद कायम असेल की मानधनावर, हे नीट चौकशी करूनच ठरवा. पार्श्वगायन ही वाट मी कुणाला सुचवत नाही आणि कुणाला तिच्यापासून अडवतही नाही. तिथे सल्ल्याचा फारसा उपयोग नसतो.

माझं भांडण आहे ते सोलोच्या वेडाशी. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचं एक गाणं निवडून देतात. मूळ गायकाची प्रत्येक हरकत जशीच्या तशी बसवून घेतात. कराओके ट्रॅकची पट्टी मुलाच्या गळ्याला सोसते की नाही, हे कुणी पाहत नाही. ट्रॅक बदलत नाही, म्हणून गळा ताणायचा. मग क्लासची फी, पोशाख, रेकॉर्डिंग, चॅनलवर टाकायचा व्हिडिओ, त्याचे लाइक्स. अशा मुलांची चार गाणी घोटून तयार असतात. त्यांना तंबोऱ्यावर साधा सा लावून तो श्वास संपेपर्यंत स्थिर धरायला सांगा. पुष्कळांचा सूर तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला हलायला लागतो, कारण ते काम त्यांच्याकडून कधी कुणी करूनच घेतलेलं नसतं. ऑडिशनमध्ये "पुढच्या वेळी या" ऐकून मूल घरी येतं तेव्हा गाडीत काय बोलणं होतं, तेही मला मुलांकडूनच कळतं. गाणं आवडत होतं, आता भीती वाटते, असं सांगणाऱ्या सातवी-आठवीतल्या मुली दरवर्षी भेटतात.

आता शाळेची तालीम पाहा. परिपाठाच्या आधीचा अर्धा तास, संगीताच्या खोलीत पंचवीस-तीस मुलं. बाई पेटीवर काळी चार धरतात. ओळीच्या शेवटी 'आकाश' हा शब्द आहे. पहिल्यांदा म्हटलं की 'श' एकदम ऐकू येत नाही, डावीकडून उजवीकडे फुरफुरत जातो. कुणाचा आधी, कुणाचा उशिरा, एखाद्याचा भलताच लांब. बाई थांबवतात. हात वर, बोटं मिटली की श. पुन्हा. अजून पुन्हा. शेवटी तीस तोंडांतून एकच श निघतो आणि खोली गप्प होते. एवढ्या एका व्यंजनासाठी दहा मिनिटं गेली. हा वेळेचा अपव्यय वाटत असेल, तर तुमच्या मुलाने त्या दहा मिनिटांत काय केलं ते मोजा. स्वतःचं तोंड चालू असताना शेजाऱ्याचं ऐकलं, डोळे बाईंच्या हातावर ठेवले, शब्द आठवला आणि आपल्याला वाटलं तेव्हा नव्हे, तर सगळ्यांबरोबर थांबला. घरात ही चार कामं एका वेळी तो करतो का?

लांब ओळीत मधे श्वास घ्यायचाच असेल तर तो शब्दाच्या मधोमध, चोरून घ्यायचा, आणि शेजारी घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. त्याने श्वास घेतला तेवढा वेळ सूर आपण सांभाळायचा. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते. सोलो गाणाऱ्या मुलाला हे शिकायची वेळच येत नाही. आवाजाचं मापही असंच. शेजारी ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त मोठ्याने गाताय, एवढा साधा नियम. ज्या मुलीचा आवाज खणखणीत असतो तिला बाई दुसऱ्या रांगेत, मधोमध उभी करतात, ते बहुधा याचसाठी. तिच्या आधाराने आजूबाजूच्या कच्च्या मुली सुरात राहतात. आईला वाटतं, मुलीला मागे टाकलं. प्रत्यक्षात सगळ्या गाण्याचा भार तिच्यावर असतो. बाईंना जाऊन विचारा, भांडायला नको, त्या सांगतील.

फायदे विचारता, तर खरे तेवढेच सांगते. गाण्याने गणित सुधारतं, असं सांगून क्लास विकणारे आहेत. 1993 साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, एका प्रकारच्या आकृत्यांच्या चाचणीत त्यांना थोडा वेळ थोडा फायदा झाला, आणि त्यावरून तान्ह्या बाळांसाठी सीडी विकण्याचा धंदा उभा राहिला. 2004 साली टोरांटोत सहा वर्षांच्या 144 मुलांवर अभ्यास झाला. वर्षभर पेटीसारखं वाद्य किंवा गाणं शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला. किंचितच. त्या फरकासाठी कुणी मुलाला गाण्याला घालू नये. 2013 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्या तरुण मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा गाण्यातल्या श्वासाच्या जागांबरोबर ते एकत्र वर-खाली होताना दिसले. यातून करिअर होत नाही. पण नववीतलं मूल सकाळी दप्तर पाठीवर घेतानाच वैतागलेलं असतं आणि तालमीहून येताना बरं असतं, याचा अर्थ लावायला मदत होते.

मला दिसणारे फायदे याहून साधे आहेत. पाचवीतला आणि नववीतला, अ तुकडीतला आणि ड तुकडीतला असे दोघे शाळेत एकमेकांना खेटून उभे राहतात, अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. संस्कृत, बंगाली, तमिळ गाण्याचे शब्द अर्थासकट पाठ होतात, उच्चार जिभेला वळवावे लागतात. तोंडी परीक्षेत, पुढे मुलाखतीत आवाज कापत नाही, कारण भरलेल्या सभागृहासमोर उभं राहण्याची सवय एकट्याने नाही, तर दोन्ही बाजूंना माणसं असताना झालेली असते.

आणि हे काही दुय्यम दर्जाचं गाणं नव्हे. वसंत देसाई यांच्यासारख्या संगीतकाराने 'एक सूर एक ताल' या उपक्रमात हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं. 'दो आँखें बारह हाथ' (1957) आणि 'गुड्डी' (1971) या चित्रपटांतल्या ज्या प्रार्थना आजही असंख्य शाळांच्या परिपाठात होतात, त्यांच्या चाली देसाईंच्याच. सलील चौधरींनी 1958 मध्ये मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर उभं केलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलं मेस्त्रीकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, स्वरलिपी वाचायला आणि एकत्र गायला-वाजवायला शिकत. तिथून तयार झालेले वादक आणि अ‍ॅरेंजर पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातल्या अँथनीचं नाव या गोन्साल्विस यांच्यावरूनच आलं. या लोकांच्या पोटापाण्याची सोय झाली ती शेकडो वाद्यांत आपली जागा ओळखण्याच्या आणि समोरचा कागद वाचण्याच्या कसबावर. मुंबईत चित्रपटांसाठी, जाहिरातींसाठी कोरस गाणारे लोक आजही त्याच कसबावर काम करतात. त्यांचं नाव पडद्यावर मोठं येत नाही, म्हणून तुम्हाला ते करिअर वाटत नाही. ज्या मुलाला स्वरलिपी वाचता येते, पट्टी बदलली तरी सूर सापडतो आणि तीस मुलांना एका श्वासावर आणता येतं, त्याने वृंदगान बसवण्याच्या कामाचा जरूर विचार करावा. वृंदगान बसवता येणारी माणसं शोधताना शाळांची किती दमछाक होते, हे मी पाहिलं आहे.

विद्यार्थ्यांनो, आता तुमच्याशी. समूहगानात निवड झाली की हजेरी तुमच्या मर्जीची राहत नाही. आठ जणांच्या चमूत एक गैरहजर असला तर त्या दिवशी तालीमच होत नाही. शब्द वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्या. मोबाइलमधल्या फोटोवरून पाठ होत नाहीत. क्रीडादिनाला घसा फुटेस्तोवर ओरडलात आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा असेल, तर बाई चिडतील आणि ते बरोबर असेल. सर्दी झाली तर सांगा, या, बसा, ऐका. गाऊ नका. आणि सोलो मागायला आई-वडिलांना पाठवू नका. हवा असेल तर स्वतः विचारा.

मुलांच्या आवाजाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथे शाळा आणि घर दोघंही गोंधळ घालतात. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एका सप्तकाने खाली येतो. मधले काही महिने वरचा सूर लावायला जावं तर भलताच निघतो. वर्ग हसतो, बाई नाव कमी करतात, घरी म्हणतात, "गेला आवाज, आता अभ्यासाला लाग." आवाज जात नाही, बदलतो. व्हिएन्नाच्या मुलांच्या जगप्रसिद्ध गायकवृंदातून अशी मुलं बाहेर पडतात हे खरं. त्या वृंदाला उंच कोवळाच आवाज हवा असतो. आपल्या शाळेला तशी गरज नाही. त्याला खालच्या सप्तकात गाऊ द्या, वरच्या ओळीला गप्प राहू द्या, तोवर तबला, खंजिरी, टाळ हातात द्या. जोर लावून वरचे सूर काढायला मात्र कुणी भाग पाडू नये. मुलींचाही आवाज या वयात थोडा भरदार होतो, क्वचित घोगरा लागतो; तोही आजार नसतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पालकांना दोन गोष्टी रोखठोक सांगते. स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेच्याही पुढे उभं राहून, मोबाइल धरून, "पुढे सरक, हस" अशा खुणा करू नका. तुमच्या मुलीने डोळे बाईंच्या हातावरून तुमच्याकडे वळवले की तिचा श्वास चुकतो, तिच्या शेजारणीचा चुकतो, आणि आठवडाभर घोटलेली ओळ तुटते. तुमच्या व्हिडिओत ते तुटणंच येतं. दुसरी गोष्ट नववीची. केंद्र सरकारचा 'कला उत्सव' 2015 पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठीच होतो. कॉलेजांच्या युवा महोत्सवांत समूहगान हा वेगळा प्रकार असतो. भारत विकास परिषदेच्या समूहगान स्पर्धा 1967 पासून चालू आहेत. म्हणजे पाचवी ते आठवी जी मेहनत झाली तिला खरी वाट फुटते, नेमकी त्याच वर्षी तुम्ही मुलाला बाहेर काढता. आठवड्याला तीन अर्ध्या तासांत दहावी बुडत नाही. क्लासला जाण्या-येण्यात, त्यानंतर वडापावच्या गाडीवर, त्यानंतर फोनवर किती वेळ जातो, ते आधी लिहून काढा. मग बोलू.

मुलालाच नको असेल, त्याला फुटबॉल खेळायचा असेल, नुसतं घरी झोपायचं असेल, तर सोडू द्या. जबरदस्तीने गाणारं मूल तालमीत दुसऱ्यांचाही सूर खाली ओढतं. बाईंना तसं त्याने स्वतः जाऊन सांगावं. कार्यक्रम आठ दिवसांवर आलेला असेल तर मात्र तो पार पाडून मगच.