सामायिक रांग आणि कमांडचा अधिकार

ज्यूकबॉक्स म्हणजे अनेकांनी आपापल्या पसंतीचे गाणे निवडावे आणि एकाच यंत्राने ती सारी गाणी एकामागून एक सर्वांना ऐकवावीत, अशी सोय. 1889 साली सॅन फ्रान्सिस्को येथील एका मद्यगृहात लुई ग्लास याने नाणे टाकल्यावर वाजणारा फोनोग्राफ बसवला, तेव्हापासून या कल्पनेचा लिखित इतिहास सुरू होतो. पुढे मुंबई-पुण्याच्या काही इराणी हॉटेलांतही अशी यंत्रे आली आणि चहाच्या टेबलावरून उठून नाणे टाकणे हा तरुणांच्या एका पिढीचा छंद झाला. या जुन्या यंत्राचा एक गुण त्या काळी कोणाला वेगळा सांगावा लागला नाही, कारण तो लोखंडातच घडवलेला होता: नाणे टाकणाऱ्याला रांगेत आपले गाणे जोडता येत असे, पण दुसऱ्याने पैसे भरून लावलेले गाणे काढून टाकता येत नसे, रांग उलटीसुलटी करता येत नसे, आणि आवाजाची कळ तर हॉटेलमालकाच्याच हाताखाली असे. गिऱ्हाइकाला जेवढा अधिकार द्यायचा तेवढाच यंत्र देत होते.

आजचा सामायिक संगीत-सर्व्हर या बाबतीत मुळातून वेगळा आहे, आणि खेड्यातील सप्ताह, गणेशोत्सव, वाचनालय किंवा वसतिगृह यांसाठी तो उभारणाऱ्याने हा वेगळेपणा कमांड शिकण्याच्या आधी समजून घेतला पाहिजे. सर्व्हर म्हणजे एका कोपऱ्यात सतत चालू राहणारा, ॲम्प्लिफायरला जोडलेला आणि गाण्यांच्या फाइली सांभाळणारा संगणक. क्लायंट म्हणजे त्याला दुरून हुकूम देणारा मोबाइल किंवा लॅपटॉप. या कामासाठी लिनक्सवर सर्वाधिक रुळलेली प्रणाली म्युझिक प्लेअर डेमन, अर्थात एमपीडी, ही आहे. वॉरेन ड्यूक्स याने 2003 साली तिची सुरुवात केली आणि पुढे माक्स केलरमान याने तिची धुरा वाहिली. ती 6600 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका ठरावीक दारावर, साध्या अक्षरांतल्या ओळी ऐकत बसते. ‘प्ले’, ‘पॉज’, ‘ॲड’, ‘क्लिअर’ अशी एकेक ओळ आली की ती पाळते आणि काम झाले असे एका शब्दात कळवते. या ओळी टर्मिनलमधून, म्हणजे चित्रे आणि बटणे नसलेल्या लिहित्या पडद्यावरून, सोयीने पाठवता याव्यात म्हणून एमपीसी नावाचा छोटा क्लायंट आहे. नुसते ‘एमपीसी’ लिहिले की काय वाजत आहे ते दिसते. पुढे शब्द जोडला की हुकूम होतो. शिकायला सोपी, जुन्या संगणकावरही चालणारी आणि इंटरनेट नसतानाही काम देणारी ही रचना गावाकडच्या वापराला फार अनुकूल आहे, यात शंका नाही.

मात्र एमपीडीच्या संरचना-फाइलीत, म्हणजे तिने कसे चालावे हे लिहून ठेवलेल्या फाइलीत, पासवर्ड लिहिलेला नसेल, तर जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाला सर्व अधिकार मिळतात. वाचणे, गाणे जोडणे, वाजवणे, काढून टाकणे, रांग रिकामी करणे, एवढेच काय, सर्व्हरच बंद करणे, ही सगळी कामे ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला करता येतात. हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सच्या तुलनेत हे म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात गल्ल्याची किल्ली देण्यासारखे आहे. उभारणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण घरी एकट्याने चाचणी घेताना सर्व अधिकार एकाच माणसाकडे असणे हेच सोयीचे असते; सामायिक वापरात तीच सोय अपघाताचे कारण होते.

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेल्या उंब्रजच्या परिसरातील एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात हे प्रत्यक्ष घडले. यंत्रणेची जुळवाजुळव प्रस्तुत लेखकाकडे होती आणि ती अधिकारांचा विचार न करता खुली ठेवण्याची चूकही त्याचीच होती. सप्ताहाचा दिवस पहाटेच्या काकड्याने उघडतो, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा त्याचा क्रम असतो. पारायण आटोपल्यापासून हरिपाठ उभा राहीपर्यंतच्या मोकळ्या वेळात मंडपात ध्वनिमुद्रित अभंग लावले जातात. पाच स्वयंसेवकांच्या मोबाइलवर टर्मिनल बसवून दिले होते आणि दुपारभर बसून रांग लावली होती: आधी नामघोष, मग रूपाचे अभंग, त्यानंतर संतांचे निवडक अभंग, पुढे गौळण आणि अगदी शेवटी पसायदान. वारकरी भजनात हा क्रम केवळ आवडीचा नसतो. पसायदान म्हणजे समाप्ती, आणि ते सुरू झाले की बसलेला माणूस उठून हात जोडतो.

रांगेतला तोच तो आवाज थोडा बदलावा, एवढ्याच हेतूने एका मुलाने ‘शफल’ ही कमांड दिली. एमपीडीत ‘रँडम’ आणि ‘शफल’ या दोन गोष्टी ऐकायला सारख्या पण परिणामाने अगदी वेगळ्या आहेत: ‘रँडम’ चालू केले तर रांग जागच्या जागी राहते आणि गाणी उड्या मारत वाजतात, ते बंद केले की मूळ क्रम जसाच्या तसा समोर असतो, ‘शफल’ मात्र रांगच पिसते आणि पिसलेली रांग परत लावण्याची कमांड नाही. दुसऱ्याच गाण्याला पसायदान लागले. मंडपाच्या कडेला महाप्रसादाचे तांदूळ निवडत बसलेल्या बायकांनी सुपे बाजूला ठेवली आणि त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. वीणा घेतलेल्या वृद्ध गृहस्थांनी हात जोडले आणि मग मंडपाच्या खांबावरच्या घड्याळाकडे पाहिले. अजून साडेचारही वाजले नव्हते. चूक सुधारण्यासाठी दुसऱ्या स्वयंसेवकाने घाईने ‘क्लिअर’ दिली, तिने वाजणारे पसायदान अर्ध्यातच तोडले आणि दुपारभर लावलेली रांगही पुसून टाकली. रांग कोठेही साठवलेली नव्हती. ती पुन्हा लावता लावता हरिपाठाची वेळ झाली आणि त्या संध्याकाळी मंडपात अभंग लागलेच नाहीत.

या प्रसंगात कोणाची बुद्धी वाईट नव्हती, हे आवर्जून नोंदवणे आवश्यक आहे, कारण अशा वेळी गावात पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ हा असतो आणि सर्व्हरकडे त्याचे उत्तर नसते. एमपीडीला माणसे कळत नाहीत, फक्त जोडण्या आणि पासवर्ड कळतात. पाच जणांना एकच पासवर्ड दिला तर पाचही जण त्याच्या लेखी एकच आहेत. त्यामुळे नंतर दोषी शोधण्यापेक्षा आधी अधिकार वाटून देणे हाच खरा उपाय ठरतो.

ही वाटणी संरचना-फाइलीत होते. तिथले मुख्य परवाने असे आहेत: वाचण्याचा परवाना, ज्याने काय वाजते आणि संग्रहात काय आहे ते दिसते, जोडण्याचा परवाना, ज्याने रांगेत गाणे घालता येते, नियंत्रणाचा परवाना, ज्यात थांबवणे, काढणे, पिसणे, पुसणे हे सारे येते, आणि प्रशासनाचा परवाना, ज्याने आवाज कोणत्या यंत्रातून बाहेर पडावा इथपासून सर्व्हर बंद करण्यापर्यंतची कामे होतात. पासवर्ड न देणाऱ्यांसाठी ‘डिफॉल्ट परमिशन्स’ या ओळीत केवळ वाचणे आणि जोडणे एवढेच ठेवावे, म्हणजे मंडपातल्या प्रत्येकाला जुन्या ज्यूकबॉक्सच्या गिऱ्हाइकाइतका अधिकार मिळतो. नियंत्रणाचा पासवर्ड दोघांना, प्रशासनाचा एकालाच. पासवर्ड लिहिला आणि ही ओळ विसरली, तर पासवर्ड नसलेल्यांचे सर्वच परवाने जातात आणि सप्ताहाच्या पहिल्याच सकाळी ‘काही चालतच नाही’ अशी तक्रार येते, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय हा पासवर्ड जाळ्यावरून उघड्या अक्षरांत प्रवास करतो, म्हणून सर्व्हरचे दार मंडपातल्या वायफायपुरतेच उघडे ठेवावे, इंटरनेटच्या दिशेने कधीही नाही; आणि तो दर कमांडीत टंकण्याऐवजी ‘एमपीडी होस्ट’ या पर्यावरण-चलात, म्हणजे टर्मिनल स्वतःपाशी लक्षात ठेवते अशा नोंदीत, पत्त्याच्या आधी लिहून ठेवावा, नाहीतर तो कमांडींच्या इतिहासात साठत जातो.

परवान्यांनीही न सुटणारी एक अडचण दोन नियंत्रक असताना येते. रांगेत चौथ्या जागी चुकीचे गाणे दिसले, दोघांनी ते एकाच वेळी पाहिले आणि दोघांनीही ‘डेल 4’ दिली, तर पहिल्याची कमांड चुकीचे गाणे काढते, तेवढ्यात खालचे गाणे वर सरकून चौथ्या जागी येते आणि दुसऱ्याची कमांड ते चांगले गाणे उडवते. एमपीडी प्रत्येक नोंदीला जागेव्यतिरिक्त न बदलणारा एक ओळख-क्रमांक देते आणि त्या क्रमांकाने काढण्याची वेगळी कमांड प्रोटोकॉलमध्ये आहे, पण एमपीसीची नेहमीची ‘डेल’ जागा पाहूनच काढते. म्हणून काढण्याचे काम एकाच माणसाने करावे आणि करण्यापूर्वी रांग पुन्हा एकदा पाहावी. ‘इन्सर्ट’ ही कमांड आपले गाणे चालू गाण्याच्या लगेच पुढे घुसवते. पाहुणे महाराज आले आणि त्यांच्यासाठी एखादा अभंग लावायचा असेल तर ती उपयोगी, पण रोजच्या वापरात ती रांग मोडण्याची सवय लावते, आणि ही गोष्ट परवान्यांपेक्षा रिवाजाने हाताळलेली बरी.

रांग साठवण्यासाठी ‘सेव्ह’ ही कमांड आहे. ती त्या क्षणाची रांग नाव देऊन सर्व्हरवर ठेवते. त्या नावाची यादी आधीच असेल तर नुसती ‘सेव्ह’ अडते, म्हणून नावात तारीख आणि तास घालावा आणि हे काम क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवावे. परत आणताना ‘लोड’ वापरायची, मात्र ती असलेल्या रांगेच्या शेवटी जोडते, रांग बदलत नाही, हे न समजल्यास तेच अभंग दोनदा लागतात.

रात्रीचा धोका वेगळा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. एमपीडी आपली स्थिती एका फाइलीत अधूनमधून लिहून ठेवते आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच पुढे वाजवू लागते. पावसाळ्यात संध्याकाळी वाजत असतानाच वीज गेली, माणसे कंटाळून घरी गेली, ॲम्प्लिफायरचे बटण कोणी बंद केले नाही आणि वीज मध्यरात्री परत आली, तर सर्व्हर उठतो आणि आठ वाजता तुटलेला अभंग एक वाजता गावावर सुरू होतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि पोलिसांना उत्तर द्यावे लागते ते यंत्राला नव्हे, समितीला. संरचना-फाइलीतील ‘रिस्टोअर पॉज्ड’ ही ओळ ‘येस’ केली की सर्व्हर उठल्यावर थांबलेल्या अवस्थेतच राहतो. ती एक ओळ आणि दहाच्या आधी ‘पॉज’ देणारी क्रॉनची एक नोंद, एवढे केल्याशिवाय असा सर्व्हर कोणत्याही गावात लावू नये.

मराठी संग्रहाची म्हणून एक स्वतंत्र अडचण आहे, आणि तिच्याकडे इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये लक्ष गेलेले नसते. कमांडने शोध घेणे म्हणजे अक्षरांची तंतोतंत जुळणी, आणि देवनागरीत डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या आत दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. उंब्रज ज्या तालुक्यात येते त्याचेच नाव घ्यावे: ‘कऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र कोणी मराठीसाठी दिलेल्या खास ऱ या अक्षराने लिहितो, कोणी साध्या र ला हलंत देऊन मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून लिहितो, तर कोणी सरळ ‘कराड’ लिहितो. ‘कऱ्हाडचे भजनी मंडळ’ म्हणून फाइलीवर लिहिलेले ध्वनिमुद्रण त्यामुळे ‘सर्च’ कमांडला सापडत नाही आणि ते संग्रहात नाहीच असे शोधणारा मानतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘गाणाऱ्या’ यांची गत तीच. ‘ॲ’ हे अक्षर कधी एकच चिन्ह असते, तर कधी अ वर ॅ असे दोन. गायकांच्या नावांत तर ‘भीमसेन’ आणि ‘भिमसेन’, मागे ‘पंडित’, ‘पं.’ किंवा काहीच नाही, असे प्रकार एकाच संग्रहात नांदत असतात. गाणी सर्व्हरवर घालण्यापूर्वी एका माणसाने बसून ही नावे एका पद्धतीने नीट करावीत आणि मग ‘अपडेट’ कमांडने सूची नव्याने बांधावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण सप्ताहाच्या गर्दीत ते करता येत नाही.

नियंत्रणाचा पासवर्ड कोणाकडे असावा हे ठरवणे ही तांत्रिक गोष्ट नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. तो टिकला तो भोंग्याच्या ताकदीवर नव्हे, तर कोणता आवाज केव्हा व्हावा हे गावाने मिळून ठरवले होते म्हणून. उंब्रजजवळच्या त्या सप्ताहातही पुढच्या वर्षी सर्व्हर लावण्याआधी समितीच्या बैठकीत विषय घेतला गेला. नियंत्रण विणेकऱ्यांच्या संमतीने एका भजनी गृहस्थाकडे आणि त्यांच्या जोडीला एका मुलीकडे गेले, ज्या मुलाने ‘शफल’ दिली होती त्याच्याकडे फाइलींची नावे नीट करण्याचे काम आले आणि त्याने ते मनापासून केले. ‘शफल’ आणि ‘क्लिअर’ या दोन कमांडी लाल शाईने लिहिलेला कागद ॲम्प्लिफायरच्या पेटीवर डकवला गेला, त्याखाली रात्री बटण बंद करणाऱ्याने सही करायची जागा होती.