नीटचा तिसरा प्रयत्न आणि अपस्मारावरील औषध

नीटचा निकाल लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातील पालकांचा दरवर्षी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे मुलाला आणखी एक वर्ष ‘ड्रॉप’ घ्यायला लावावे काय. पहिल्या प्रयत्नानंतर हा प्रश्न रास्त आहे. मात्र दोनदा मनापासून अभ्यास करूनही गुण वाढलेले नसतील, तर तिसरे वर्ष ही बहुधा आईवडिलांची हौस असते आणि तिची किंमत मुलाने मोजणे हा सरळ अन्याय आहे.

नीटऐवजी नर्सिंग व फिजिओथेरपीच्या वाटा परिचित आहेत. बी. फार्म. मात्र ‘मेडिकल टाकण्यापुरते’ समजले जाते, आणि ही समजूत चुकीची आहे. लोणी, संगमनेर व विळद घाट येथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये असून एमएचटी-सीईटीतून प्रवेश मिळणाऱ्या या 4 वर्षांच्या पदवीनंतर, जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन, औषध शरीरात नेमके काय करते हे अभ्यासणाऱ्या फार्माकोलॉजी शाखेत 2 वर्षांचे एम. फार्म. करता येते.

या शाखेची गरज अपस्मारात, म्हणजे मेंदूतील विद्युतसंकेत एकाएकी बेताल होऊन वारंवार फिट येण्याच्या विकारात, स्पष्ट दिसते. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा विकार आहे. 1912 मध्ये फिनोबार्बिटल आणि 1938 मध्ये फेनिटॉइन यांचा उपयोग कळल्यापासून अनेक औषधे आली, तरीही जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी पूर्ण थांबत नाहीत. नवे औषध प्रथम उंदरावर तपासतात: डोळ्यांवाटे क्षणभर विद्युतप्रवाह दिल्यावर त्याचे मागचे पाय ताठ होतात की नाही, हे पाहिले जाते. लेव्हेटिरासिटाम हे अपस्मारावरील औषध या नेहमीच्या चाचणीत निष्प्रभ ठरले होते. परंतु मेंदूला वारंवार सौम्य उद्दीपन देऊन फिट येण्याची प्रवृत्ती निर्माण केलेल्या प्राण्यांत ते प्रभावी दिसले, 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि ते चेतापेशींतील एसव्ही2ए नावाच्या प्रथिनाला चिकटून काम करते हे 2004 मध्ये उलगडले. चाचणीच बदलून पाहणारा संशोधक नसता, तर आज सर्रास लिहून दिले जाणारे हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचलेच नसते.

रेणूपासून गोळीपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे पालकांनी आधीच स्वीकारावे. महाविद्यालय निवडताना मात्र इमारत न पाहता, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नोंदणीकृत प्राणिगृह आहे काय, आणि तेथे विद्यार्थी स्वतःच्या हातांनी प्रयोग करतात काय, हे तेथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे.