सरकारचा हात आणि लोकांचा विश्वास

आपल्यापैकीं बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा वण आढळेल. तो क्षयाच्या लशीचा होय. आपण तान्हे असतां ती कोणीं टोचली व तिचे दाम कोणीं दिले, हें सहसा आपणांस ठाऊक नसतें. पुष्कळांच्या बाबतींत तें काम सरकारनें केलेलें असतें. राज्यसरकार आपल्या आरोग्याची काळजी कशी वाहतें, आणि ती केव्हां फळास येते, याचा आज थोडा विचार करूं.

आपल्या राज्यघटनेनें सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयें व दवाखाने हे विषय राज्यांकडे सोंपविले आहेत. लोकांचें पोषण व आरोग्य सुधारणें हें शासनाच्या आद्य कर्तव्यांपैकीं एक होय, असें तिचें ४७ वें कलम सांगतें.

हें कर्तव्य दोन प्रकारांनीं बजावलें जातें. पहिला प्रकार सेवेचा. सपाट मुलखांत ३०,००० वस्तीस व डोंगरी किंवा आदिवासी मुलखांत २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्याखालीं अनुक्रमें ५,००० व ३,००० वस्तीस एक उपकेंद्र, असें प्रमाण ठरलेलें आहे. महाराष्ट्रांत खेड्यांतील हीं केंद्रें जिल्हा परिषद चालविते. त्यांवर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या आहेत.

दुसरा प्रकार देखरेखीचा. खासगी शुश्रूषागृहांस १९४९ च्या कायद्यान्वयें नोंदणी करावी लागते. खाद्यपदार्थ व औषधें निर्भेळ असावींत म्हणून अन्न व औषध प्रशासन त्यांचे नमुने तपासतें. एक हात देतो, दुसरा राखतो.

परंतु केवळ अधिकार व पैसा यांनीं आरोग्य लाभतें काय? याचें उत्तर इतिहासांत आहे. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगची सांथ उद्भवली. डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं ती ओळखली. १८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. हेतु रोग आवरण्याचा होता. पण पुण्यांत रँडसाहेबाच्या अमलाखालीं गोऱ्या सोजिरांनीं घरोघर शिरून देवघरांची व माजघरांचीही झडती घेतली. लोक भयानें रोगी लपवूं लागले. आणि जेथें रोगी लपतो, तेथें रोग वाढतो. अखेर २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच सांथींत दुसरेंही दृश्य दिसलें. मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजीं आधीं स्वतःस टोचून घेतली, मग इतरांस दिली. पुण्यांत सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीं रोग्यांची शुश्रूषा आरंभिली. ती करीत असतांच सावित्रीबाईंस प्लेगनें गांठलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ह्यांच्या हातीं ना बंदूक होती, ना हुकूमनामा. जो धोका इतरांवर होता तो त्यांनीं स्वतःवर घेतला.

हा धडा पुढें फळास आला. १९७७ सालीं भारत देवीच्या रोगापासून मुक्त ठरला, तर २०१४ सालीं पोलिओपासून. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांस नवजात बालकांची निगा शिकविली, तेव्हां तेथील तान्ह्या मुलांच्या मृत्यूंचें प्रमाण अर्ध्याहून अधिक घटलें. आपल्या ओळखीची बाई दारांत आली म्हणजे दार आपोआप उघडतें. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतही 'आशा' म्हणून गांवांतीलच स्त्री निवडण्याचें ठरलें.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण जाणतांच. त्यानें जखमी वाटसरूची शुश्रूषा केली, उतारशाळेच्या रक्षकास पैसे दिले, आणि परत येऊन हिशेब पाहण्याचें वचनही दिलें. सेवा, तरतूद व देखरेख हीं तिन्ही त्यांत आलीं. सरकारकडून आपण हेंच मागावें.

मात्र आपलाही वांटा आहे. परिचारिका दारीं आली तर मुलांनीं तिला पाणी द्यावें व घरांतील आजार लपवूं नये. पालकांनीं उपकेंद्रांत औषध नसेल तर मुकाट्यानें न परततां ग्रामसभेंत त्याचा जाब विचारावा. असा जाब विचारणारा गांव व त्यास नम्रपणें उत्तर देणारें सरकार जेथें भेटतात, तेथेंच आरोग्य नांदतें.