खांबाचे आयुष्य

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिवारे फुलविली. परंतु उसाला पोसणारा हाच ओलावा शेतातील लाकडी खांबाचा वैरी ठरतो. मोडलेला खांब उपटून पाहावा. वरचा भाग धडधाकट असतो, खोल पुरलेले टोकही पुष्कळदा शाबूत असते; कुजलेला असतो तो जमिनीलगतचा भाग. तेथे ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात व बुरशीला याच दोन गोष्टी हव्या असतात. उरलेले काम वाळवी पुरे करते.

सागाचा जून गाभा बुरशीला सहसा दाद देत नाही. हलके व कोवळे लाकूड मात्र लवकर नासते. त्याला डांबर फासले, तरी तो लेप तडकताच बुरशी आत शिरते. म्हणून औषध लाकडाच्या अंतरंगात पोहोचावे लागते.

द्राक्षबागेत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. त्यातील तांबे बुरशीला मारक असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील डॉक्टर बूशेरी यांनी ओल्या ओंडक्याच्या एका टोकाने मोरचुदाचे पाणी शिरवून आतील रस दुसऱ्या टोकाने बाहेर काढण्याची रीत शोधली. परंतु पावसापाण्यात मोरचूद हळूहळू धुऊन जाई. औषध देता आले. ते टिकविता येईना.

हे कोडे भारतात सुटले. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे व सोमल यांना क्रोमियमची जोड दिली. तांबे बुरशीला आवरते, सोमल वाळवीला. आणि क्रोमियम त्या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते. बंद टाकीतील हवा काढून, मग दाब देऊन हे द्रावण वाळलेल्या लाकडात भरतात. असा खांब कित्येक दशके टिकतो. ही रीत पुढे जगभर पसरली.

तथापि सोमल हे जहाल विष आहे. असा जुना खांब चुलीत कधीही जाळू नये. त्याचा धूर व राख दोन्ही घातक असतात. अमेरिकेत २००४ पासून घरगुती बांधकामाच्या बहुतेक लाकडासाठी हे मिश्रण वापरणे थांबले. सोमलाऐवजी बोरॉन घातलेले मिश्रणही आता वापरतात.

खांब दीर्घायुषी झाला, तर रानातील एक झाड वाचते. मात्र खांब राखताना घरातील माणसांचे आरोग्यही राखले पाहिजे.

स्वाध्याय
१. खांब जमिनीलगतच का कुजतो?
२. कामेसम यांच्या मिश्रणातील प्रत्येक घटकाचे कार्य सांगा.