लाईट गेली की हात बटणावर

आमच्या पडवीतल्या फणसाच्या टेबलावर तळहाताएवढा काळा डाग आहे. रत्नागिरीत घरच्या घरी दुरुस्तीचं टेबल मांडू पाहणारं कुणी पोर माझ्याकडे आलं, की मी त्याला आधी तो डाग दाखवतो.

मे महिना होता. पडवीत एका बाजूला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम, दुसऱ्या बाजूला आंब्याच्या पेट्या आणि त्यांत घालायचा पेंढा. संध्याकाळी वळिवाचं वारं सुटलं आणि लाईट गेली. मी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं, बॅटरी शोधली, अंगणात वाळत घातलेली साटं आत घेतली, जेवलो आणि झोपलो. रात्री दोनच्या सुमारास लाईट आली. आयर्न तापू लागलं. पंखाही सुरू झाला आणि त्याच्या वाऱ्याने टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्राचं पान आयर्नवर येऊन पडलं. माजघरातला दिवा डोळ्यांवर आला म्हणून आई उठली, तेव्हा तिला वास आला. पेंढा तिथून जेमतेम चार हातांवर होता.

सकाळी काका आले. डाख द्यायला मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या तरुणपणी कोळशाच्या शेगडीत तांब्याचा ठोकळा तापवून डाख देत. ते रागावले नाहीत. डागावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "निखारा विसरलास तर तो आपला आपण विझतो. वीज विसरलास तर ती परत येते."

तेव्हापासून जे शिकलो ते पुढे सांगतो. मूळ गोष्ट एकच: आपल्या स्मरणशक्तीवर विसंबू नका. आठवण हाताला, बोर्डाला, जागेला बांधून ठेवा.

लाईट गेली की पहिलं काम बटणाचं. मेणबत्ती नंतर, बॅटरी नंतर. वीज असते तोवर दिवा आणि पंखा आपल्याला टेबलाची आठवण देत असतात. ती गेली की बोर्डावरचा लाल दिवाही विझतो, आयर्न थंड पडतं आणि मन दुसरीकडे जातं. त्यात आपण अंधारात 'लाईट आली का' म्हणून दोन-चार बटणं वर-खाली करतो; मग कुठलं चालू आणि कुठलं बंद ते कळत नाही. म्हणून बटण बंद करा आणि पिनही बाहेर काढा. काढलेली पिन अंधारातही हाताला लागते. कोकणात फांदी तारेवर पडायला वादळच हवं असं नाही. आणि वादळ आलं तर काय होतं ते ३ जून २०२० च्या 'निसर्ग'ने दापोली-मंडणगडला दाखवलं. कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. इतक्या दिवसांनी वीज येते तेव्हा कुठलं बटण चालू राहिलं होतं, हे कुणाच्या ध्यानात राहणार?

एमसीबीवर भरवसा ठेवू नका. 'एमसीबी आहे, पडेल ना' असं पुष्कळजण म्हणतात. तो पडणार नाही. २५ वॉटचं आयर्न २३० व्होल्टवर जेमतेम ०.१ अँपिअर करंट घेतं. वायरिंगच्या दृष्टीने सगळं सुरळीत असतं, म्हणून ना एमसीबी पडत, ना आरसीसीबी. पण ६०/४० चं कथील १९० अंशांच्या आत पुरतं वितळतं, कागद २३० च्या आसपास पेट घेऊ शकतो आणि साध्या आयर्नचं टोक ३०० च्याही पुढे जातं. साध्या आयर्नमध्ये ते थांबवणारं काही नसतं.

विहिरीवरचा स्टार्टर आठवा. वाडीतल्या पंपाचं हिरवं बटण दाबलं की स्टार्टरमधली कॉइल पट्ट्या ओढून धरते. लाईट गेली की सोडते. लाईट परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत पंप बंदच राहतो. हीच सोय टेबलाला करा. जाणत्या वायरमनकडून छोटा काँटॅक्टर आणि हिरवं-लाल बटण बसवून घ्या. मात्र लाईट येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच काहीजण लावतात, तो इथे कधीही लावू नका. माझ्या टेबलाला ही सोय झाल्यापासून वळिवाच्या रात्री मी निर्धास्त झोपतो.

तापणाऱ्या वस्तूंचा बोर्ड एकच असू द्या. आयर्न, ग्लू गन, पत्रा-प्लॅस्टिक तापवायची गन, सगळ्यांच्या पिना एकाच बोर्डात. त्या बोर्डाचं आणि टेबलावरच्या दिव्याचं मुख्य बटण एकच ठेवा. दिवा चालू ठेवून कुणी उठून जात नाही. दिव्याबरोबर बाकीचंही बंद होतं. हॉट एअर स्टेशन असेल तर तेवढं वेगळं सांभाळा. हँडल जागेवर ठेवल्यावर बऱ्याच मशिनांतला पंखा थोडा वेळ गार हवा फेकत राहतो. तो थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करायचं नाही, नाहीतर आतलं एलिमेंट लवकर जातं.

बोलून बंद करा. गाडीतले लोको पायलट आणि त्यांचे सहाय्यक सिग्नल दिसला की तो काय आहे ते एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत तर बोटही दाखवतात. सवयीच्या कामात डोळा पाहतो पण मन पाहत नाही; बोललं की मनाला पाहावंच लागतं. म्हणून पिन हातात धरून मोठ्याने म्हणा, "आयर्न बंद, पिन बाहेर." मग रात्री अंथरुणात 'केलं का बंद?' अशी शंका आली, तर स्वतःचे शब्द आठवतात. आठवले नाहीत तर उठून जा आणि बघून या. त्या फेरीचा कधीही कंटाळा करू नका.

चुलीभोवतीची जागा मोकळी हवी. आजी रात्री निखारे राखेखाली झाकायची आणि चुलीजवळची सोडणं, करवंट्या पायाने लांब सारायची. टेबलाचाही नियम हाच. स्टँड जड, लोखंडी स्प्रिंगचा घ्या. त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. वर्तमानपत्र अंथरू नका. स्पिरिट, थिनर, पेंढा, काथ्या लांब हवेत. सुतारकामही तिथेच करत असाल तर रोजचा भुसा रोज झाडा. भुसा धूर न दाखवता तासन् तास आतल्या आत धुमसतो.

बंद म्हणजे गार नव्हे. बटण काम संपायच्या आधी बंद करायची सवय लावा. शेवटचा टाका झाला की टोक पुसून त्यावर ताजं कथील चढवा, म्हणजे आपल्या खाऱ्या दमट हवेत ते काळं पडत नाही. लगेच पिन काढा. मग स्क्रू डबीत भरा, टेबल पुसा, हिशेब लिहा. पंधरा मिनिटं सहज जातात. निघताना हाताची पालथी बाजू टोकाजवळ नेऊन ऊब बघा, टोकाला लावू मात्र नका. ऊब असेतो पडवी सोडायची नाही.

आणि चुकून काही झालंच तर आधी मेन स्विच पाडा, मग कोरडी वाळू किंवा एबीसी पावडरचा सिलेंडर वापरा. विजेच्या आगीवर पाणी नको. आटोक्याबाहेर वाटली तर माणसं बाहेर काढून १०१ ला फोन करा. हात भाजला तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

आता माझी नात डिप्लोमा करते आणि त्याच टेबलावर बसते. परवा संध्याकाळी लाईट गेली. मी ओटीवर होतो. अंधारात आधी पिन निघाल्याचा आवाज आला, मग तिचा: "आयर्न बंद, पिन बाहेर." बॅटरी तिने त्यानंतर मागितली.