पुलांची साक्ष

नदी गावाला पाणी देते, तशी ती गावाची वाटही अडवते. आपला वाशीम जिल्हा लहानमोठ्या नद्यांचा प्रदेश आहे. काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी शेवटी अरबी समुद्रात जाते. पूस, अडाण, अरुणावती यांचे पाणी मात्र पैनगंगेकडे धाव घेते आणि वर्धा व गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास पोचते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटून दिला जातो! अशा या प्रदेशात कोणत्याही दिशेस निघा, कोस दोन कोसांवर एखादा नाला किंवा एखादी नदी आडवी येणारच.

पूल नव्हते त्या काळी लोक काय करीत? उन्हाळ्यात नदी उथळ होई. जेथे पाणी गुडघाभर आणि तळ खडकाळ, अशी जागा शोधून तेथून बैलबंड्या पार होत. अशा जागेस ‘उतार’ म्हणतात. पुढे काही ठिकाणी उतारावरच दगडांची फरसबंदी झाली. तिला आपल्याकडे ‘रपटा’ म्हणतात. पण पावसाळा आला की उतार बुडे, रपटाही बुडे. अलीकडच्या तीरावर आजारी माणूस आणि पलीकडच्या तीरावर वैद्य, अशी स्थिती होई. माहेरी निघालेली लेक अर्ध्या वाटेवरून परत फिरे. पूर ओसरेपर्यंत वाट पाहणे एवढेच माणसाच्या हाती असे.

मग पूल आले. वऱ्हाडात ते कसे व का आले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस अडला. मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईहून निघालेली लोहवाट १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा बाजार कायद्याने नियंत्रित करण्यात आला. आपल्या देशातील असा हा आरंभीचा बाजार होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरपासून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत एक अरुंद लोहवाट घालण्यात आली. तिची लांबी ११३ किलोमीटर. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. लोकांनी या छोट्या गाडीला ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन ती गाडी १९९४ सालापर्यंत ओढीत होते. ती गाडी आता धावत नाही; परंतु मोऱ्यांवरून खडखडत जाणाऱ्या त्या गाडीची आठवण कारंज्याच्या वडीलधाऱ्यांना अजून आहे.

कापूस न्यावयाचा म्हणून रस्ते आणि लोहवाटा झाल्या, आणि त्यांच्यासाठी मोऱ्या व पूल झाले. इंग्रज सरकारचा हेतू व्यापाराचा होता. परंतु पुलाचे वैशिष्ट्य असे, की तो एकदा बांधला म्हणजे त्यावरून कोणी जावे हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. कापसाच्या गठाणी ज्या पुलावरून गेल्या, त्याच पुलावरून पुढे शाळेला जाणारी मुले गेली, यात्रेकरू गेले, आणि स्वातंत्र्याच्या घोषणा देणारे सत्याग्रहीही गेले. शिवाय पुलाची योजना साहेबाने आखली, तरी दगड फोडला तो येथल्या पाथरवटाने. चुन्याची घाणी फिरविली ती येथल्या बैलांनी, आणि घमेली वाहिली ती येथल्या मायबहिणींनी. कोनशिलेवर त्यांची नावे नाहीत. पण त्यांच्या हातांचे काम अजून उभे आहे.

जुना दगडी पूल कशाच्या बळावर उभा राहतो? त्याचे रहस्य कमानीत आहे. कमानीचे दगड पाचरीसारखे घडविलेले असतात. वर रुंद, खाली निमुळते. आधी लाकडी सांगाडा उभारून त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचीत आणतात. माथ्यावरचा मधला दगड बसला, की कमान पुरी होते आणि सांगाडा काढून घेता येतो. मग वरून जितका भार पडेल, तितके दगड एकमेकांस अधिक घट्ट रेटतात आणि तो भार खांबांवाटे जमिनीत उतरतो. एकही दगड एकटा उभा नसतो. प्रत्येकाला शेजाऱ्याचा आधार असतो. पुष्कळ पुलांच्या खांबांची प्रवाहाकडील बाजू नावेच्या नाळेसारखी टोकदार केलेली असते. त्यामुळे पुराचे पाणी दुभंगून बाजूने निघून जाते.

पूल केवळ दोन काठ जोडतो असे नाही. तो दोन काळही जोडतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या पैनगंगेवर आहे. वाशीमहून हिंगोलीकडे जाताना पैनगंगा ओलांडली की कन्हेरगाव नाका लागतो. आज आपण ही नदी सहज पार करतो. परंतु एके काळी ही दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. अलीकडे चाले तो ‘कलदार’ रुपया, पलीकडे चाले तो ‘हाली’ रुपया. सीमेवर मालाची जकात द्यावी लागे. निजामाच्या राज्यात त्या जकातीस ‘करोडगिरी’ म्हणत. नाका म्हणजे जकात घेण्याची जागा. जकात गेली, पण गावाच्या नावाला चिकटलेला तो शब्द राहिला.

सीमा राज्यांची होती, माणसांची नव्हती. दोन्ही तीरांवर मराठीच बोलली जाई. या काठाच्या मुली त्या काठाला दिल्या जात. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी पलीकडच्या तीराला स्वातंत्र्य मिळाले नव्हते. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी तेव्हा सीमेलगत अलीकडच्या बाजूस छावण्या उभारल्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ पासून दोन्ही तीर एका राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. नदी तीच, पण जी भिंत होती, ती वाट झाली.

अशा आठवणी आपल्या जिल्ह्यापुरत्याच नाहीत. पुण्यात मुठा नदीवर ‘लकडी पूल’ आहे. तो दगडी आहे, तरी त्याचे नाव लकडी! पानिपतच्या संग्रामानंतर, १७६१ साली, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तेथे लाकडी पूल झाला होता. लाकूड गेले, दगड आला. पुढे पुलाला संभाजी महाराजांचे नाव देण्यात आले. पण लोकांच्या जिभेवर लाकूड कायम राहिले. सांगलीस कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. त्या वेळच्या व्हाइसरॉयचे ते नाव. व्हाइसरॉय गेला, राज्यही गेले. परंतु पावसाळा आला की सांगलीकर आजही विचारतात, “आयर्विनला पाणी किती?” या पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे तेथील लहान मुलांनाही पाठ असते. बोरघाटातील १८३० सालच्या पुलास तर एका डोकेदुखीच्या मलमाचे नाव मिळाले. त्याच्याजवळ त्या मलमाची जाहिरात झळके, म्हणून तो ‘अमृतांजन पूल’ झाला. खालून जाणाऱ्या द्रुतगती मार्गास त्याचे खांब अडथळा करू लागले, म्हणून ५ एप्रिल २०२० रोजी सुरुंग लावून तो पाडण्यात आला. पूल गेला, नाव मागे राहिले.

लोकस्मृती अशी चिवट असते. पण मुलांनो, ती नेहमीच बिनचूक असते असे मात्र नाही. जुन्या पुलांविषयी एक गोष्ट पुष्कळ गावी ऐकू येते: “या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली, असे पत्र विलायतेहून आले आहे!” ही गोष्ट ऐकली, की आपण नम्रपणे विचारावे: ते पत्र कोणी वाचले? ते कोणाच्या नावे आले? आज ते कोठे आहे? बहुधा उत्तर येते, “असे म्हणतात बुवा!” औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तशी पुलावर नसते. नीट राखलेला पूल शतकाहून अधिक काळ काम देतो, आणि दुर्लक्षित पूल त्याआधीच खचतो. पुराचे पाणी खांबांच्या पायाखालची माती खरवडून नेते. जवळून वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर पाया उघडा पडतो. सांध्यात रुजलेला पिंपळ दगड फाकवितो. बंड्यांसाठी बांधलेल्या पुलावर अवजड वाहनांचा भार येतो. पुलाचे आयुष्य विलायतेच्या पत्राने कळत नाही. ते दरवर्षी पाण्यात उतरून, पाया पाहून कळते.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोकणात महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. तेथील इंग्रजी अमदानीतील दगडी पूल अंधारात कोसळला. दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाहात गेली. अनेक कुटुंबांची माणसे परत आली नाहीत. जवळच काम करणाऱ्या एका साध्या माणसाच्या ध्यानात आले, की येणाऱ्या गाड्यांचे दिवे एकाएकी नाहीसे होत आहेत. तो रस्त्यावर धावला आणि त्याने मागून येणारी वाहने थांबविली. पुढे १६५ दिवसांत तेथे नवा पूल उभा राहिला व जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. पूल पुन्हा बांधता येतो. गेलेली माणसे पुन्हा येत नाहीत.

म्हणून जुन्या पुलावर आपले दोन हक्क आहेत आणि दोन कर्तव्ये. त्यावरून निर्धास्तपणे जाणे आणि त्याचा अभिमान बाळगणे, हे हक्क. त्याच्याकडे डोळसपणे पाहणे आणि त्याची हकीकत जतन करणे, ही कर्तव्ये. कठडा ढळलेला, दगड निसटलेला किंवा कमानीला भेग पडलेली दिसली, तर ती गोष्ट घरी, शाळेत आणि ग्रामपंचायतीत सांगावी. पुलावरून पाणी वाहत असताना ‘मी जाऊन दाखवितो’ असे म्हणण्यात शौर्य नाही. थांबण्यात शहाणपण आहे.

आणि आठवणींचे काय? दगडाची साक्ष पुष्कळ दिवस टिकते. तोंडी साक्ष मात्र सांगणाऱ्याबरोबर जाते. आपल्या आजी-आजोबांनी पुलापूर्वीची नदी पाहिली असेल, किंवा त्यांच्या वडिलांकडून करोडगिरीच्या गोष्टी ऐकल्या असतील. त्यांच्यापाशी बसा, त्यांना विचारा, ऐकलेले वहीत लिहून ठेवा. मग ते कोनशिलेशी, जुन्या कागदांशी पडताळून पाहा. जे जुळेल ते इतिहास म्हणून जपा; जे जुळणार नाही ते गोष्ट म्हणून जपा. दोन्हींची गरज आहे. मात्र दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

शब्दार्थ

उतार – नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा
रपटा – नदीच्या पात्रातील दगडी फरसबंदीची वाट
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्याचा लहान मार्ग
पाचर – एका बाजूस निमुळता असलेला तुकडा
नाळ – नावेचे पुढचे टोक
करोडगिरी – निजामाच्या राज्यातील जकात
अमदानी – राजवट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) काटेपूर्णेचे पाणी अखेर कोणत्या समुद्रास मिळते?
(आ) कापसाचा बाजार कारंज्यास कोणत्या साली नियंत्रित झाला?
(इ) ‘कन्हेरगाव नाका’ या नावातील ‘नाका’ शब्दाचा अर्थ काय?

२. कारणे द्या :
(अ) इंग्रजांनी वऱ्हाडात रस्ते, लोहवाटा व पूल बांधले.
(आ) कमानीवर भार पडला, की ती अधिक घट्ट होते.
(इ) पुण्यातील दगडी पुलास लकडी पूल म्हणतात.

३. पुढील वाक्यांचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा :
(अ) जी भिंत होती, ती वाट झाली.
(आ) एकही दगड एकटा उभा नसतो; प्रत्येकाला शेजाऱ्याचा आधार असतो.

४. उपक्रम : आपल्या गावाजवळील एखाद्या जुन्या पुलाची किंवा रपट्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा. त्यांपैकी स्वतः पाहिलेले कोणते व केवळ ऐकलेले कोणते, ते वेगवेगळे दाखवा.