जुन्या लष्करी जीपचा लहरी स्टार्टर
लष्करी लिलावातून आलेली, १९४१ ते १९४५ च्या घडणीची विलीज जीप सकाळी सुरू होते. दुपारी बियाणे भरून निघतेवेळी मात्र तिचा स्टार्टर मूक राहतो. अशा वेळी नव्या बॅटरीची घाई करू नये. मूळ वीजयोजना अवघी ६ व्होल्टची असल्याने जोडणीतील अल्प गंजही तिला जाचतो.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा व दिवे लावून स्टार्टर दाबावा. दिवे अगदीच मंदावल्यास बॅटरी व तिची टोके तपासावीत. ते तेजस्वी राहिल्यास स्विच, झिजलेले ब्रश किंवा इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी सदोष समजावी. ही पट्टी सहसा कोणी पाहतच नाही! चासीपासून इंजिनापर्यंत जाड केबल तात्पुरती जोडताच स्टार्टर फिरला, तर पट्टी सोडून दोन्ही टोकांखालील रंग व गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा.